पगार दुप्पट, गुण तेवढेच : एका निष्कर्षाची तपासणी

कार्यकारणभाव हा तत्त्वज्ञानाच्या वर्गातला विषय, त्याचा सरकारच्या अंदाजपत्रकाशी काय संबंध, असं पुष्कळांना वाटतं. आज आपण तो संबंध पाहू. प्रश्न साधा आहे : शिक्षकांचा पगार वाढवला तर मुलं जास्त शिकतात का? या प्रश्नावरचा एक शोधनिबंध गेली काही वर्षं वारंवार पुढे केला जातो. तो पुढे करणारे त्यातून जे काढतात ते त्यात नाही, असं आमचं म्हणणं आहे.

निबंध इंडोनेशियाबद्दल आहे आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला. कार्तिक मुरलीधरन हे त्याच्या चार लेखकांपैकी एक. इंडोनेशियात २००५ साली एक कायदा झाला. प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकाला मूळ पगाराइतकाच भत्ता मिळू लागला, म्हणजे मूळ पगार दुप्पट. एकदम सगळ्यांना देणं शक्य नव्हतं, रांग होती. संशोधकांनी ३६० शाळा घेतल्या आणि सोडत काढून त्यातल्या १२० शाळांमधल्या पात्र शिक्षकांना रांगेतून पुढे आणलं. दोन आणि तीन वर्षांनी मुलांच्या चाचण्या घेतल्या. शिक्षक अधिक समाधानी होते, त्यांची पैशाची ओढाताण कमी झाली होती, जोडधंदेही कमी झाले होते. मुलांच्या गुणांत मात्र फरक नव्हता.

काम चोख आहे, यात शंका नाही. नुसती आकडेवारी जुळवली असती तर आपण म्हणालो असतो, चांगल्या शाळांना चांगले शिक्षक मिळतात, पगाराचं काय घेऊन बसलात. सोडतीमुळे ती पळवाट बंद झाली. हा मान द्यायलाच हवा.

आता निष्कर्षाकडे या. वर्तमानपत्रांत आणि धोरणाच्या बैठकांत तो असा येतो : ‘पगाराचा शिकण्याशी संबंध नाही.’ आपल्या नैयायिकांचं एक उदाहरण आठवा. घट तयार होतो, त्याला माती लागते, चाक लागतं, कुंभार लागतो. मातीची गोणी वाहून आणणारं गाढवही तिथेच उभं असतं. पण ते घटाचं कारण नव्हे. गाढवाशिवाय माती आणता येते, घट होतो. याला ते अन्यथासिद्ध म्हणतात. या निबंधाच्या आधारे पगाराला त्या गाढवाच्या जागी उभं केलं जातंय.

पण गाढव अन्यथासिद्ध आहे हे ठरवायचं कसं? ते काढून बघायचं आणि घट होतो का ते पाहायचं. इंडोनेशियात पगार काढून पाहिला नाही. आधीच नोकरीत असलेल्या, पगार चालू असलेल्या माणसाला आणखी तेवढाच दिला आणि बदल्यात काही मागितलं नाही. तिथे तपासलं ते ‘वाढ असताना आणि वाढ नसताना’. ‘पुरेसा पगार नसताना’ ही बाजू तपासलीच नाही. शिवाय उद्या या पगाराकडे बघून कोणती मुलं-मुली शिक्षक व्हायला येतील, हे तीन वर्षांत दिसणं शक्य नाही. निबंधाच्या लेखकांनी ही मर्यादा स्वतःच सांगितली आहे. पुढे सांगणाऱ्यांनी ती गाळली.

इथे कोणी म्हणेल, पुरेसा पगार नसतानाचाही पुरावा आहे. आहे, आणि तो टाळून चालणार नाही. आंध्र प्रदेशात कंत्राटी शिक्षकांना नियमित शिक्षकांच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास पगार होता, तरी त्यांच्या हाताखाली मुलं कमी शिकली नाहीत. मग आमचा युक्तिवाद कोसळला का? आम्हांला तसं वाटत नाही. कंत्राटी शिक्षक बहुधा तरुण असतो, गावातलाच असतो, कंत्राटाचं नूतनीकरण त्याच्या डोक्यावर असतं आणि कधीतरी कायम होऊ अशी आशा असते. त्याच्या पगाराचा मोठा भाग त्या आशेने भरलेला असतो. आपल्याकडची २००० सालची शिक्षणसेवक योजना याच हिशेबावर उभी आहे : तीन वर्षं मानधन, मग वेतनश्रेणी. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला कितीतरी वर्षं महिना ६,००० रुपये मिळत होते, ते २०२३ मध्ये १६,००० झाले. ज्याला पुढचं दिसतं तो तीन वर्षं काढतो. पण महाविद्यालयात तासिका तत्त्वावर दहा-दहा वर्षं शिकवणाऱ्याला पुढचं काय दिसतं? त्याची आशा संपली की तुमचा ‘स्वस्त शिक्षक’ हा सिद्धान्तही संपतो.

याच आंध्रातला दुसरा प्रयोग बघा, तोही मुरलीधरन यांचाच, सुंदररामन यांच्यासह. मुलांच्या प्रगतीनुसार शिक्षकांना बोनस दिला, सरासरी वर्षाच्या पगाराच्या ३ टक्के. दोन वर्षांत गणितात आणि भाषेत मुलं स्पष्टपणे पुढे गेली. दुप्पट पगाराने जे झालं नाही ते ३ टक्क्यांनी झालं! म्हणून सगळा पगारच निकालावर द्या, असं म्हणणारे लगेच पुढे येतात. इंग्लंडने १८६२ पासून ते जवळजवळ करून पाहिलं. शाळेचं अनुदान वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेवर बांधलं. शाळांमधून घोकंपट्टी वाढली आणि शेवटी ती पद्धत सोडावी लागली. आंध्रातला बोनस चालला तो पक्क्या पगाराच्या वर होता म्हणून, त्याच्या जागी नव्हता.

हा फरक आपल्याकडे एका माणसाने फार आधी ओळखला होता. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी सांगितलं की शिक्षकांचा पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर जातो. तो बारापेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत पंधरा-वीस असावा. गावचे हिशेब तपासणं, दस्त नोंदवणं, टपाल अशी कामं देऊन शिक्षकाची गावातली पत वाढवावी. जास्त मुलं उत्तीर्ण करणाऱ्याला पगाराव्यतिरिक्त खास भत्ता द्यावा. आणि त्याच निवेदनात ते म्हणतात की निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब, अशिक्षित लोकांसाठी योग्य नाही, कारण अशा वस्तीत पोट भरणार नाही म्हणून कोणी शाळाच काढणार नाही. पगार, पत, प्रोत्साहन : तिन्ही वेगळी ठेवली आहेत. आजच्या चर्चेत ती एकाच शब्दात कोंबली जातात.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘संशोधन सांगतं’ म्हणून पगाराबद्दल बोलू लागला तर त्याला तीन गोष्टी विचारा. वाढ कुठून कुठे झाली? नोकरीत असलेल्यांना, की येऊ घातलेल्यांना? आणि पगाराच्या वर, की पगाराच्या जागी? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत शिक्षकाच्या पगारातला एक रुपयाही कापायला त्या निबंधाचा आधार घेता येत नाही. थांबतो. आता प्रश्न घेऊ.