मूकपटाची साथ

संकठा घाटावर, एका स्नेह्यांच्या गच्चीत, चादर ताणून आम्ही दादासाहेब फाळके यांचा ‘कालियामर्दन’ (१९१९) पाहिला. साथीस पेटी व तबला; वादक आमच्याच कचेरीतील. स्थळ अनुचित नव्हते. १९२०च्या सुमारास हिंदुस्थान फिल्म कंपनी सोडून फाळके सहकुटुंब काशीस येऊन राहिले आणि ‘रंगभूमी’ हे नाटक त्यांनी येथेच लिहिले.

मूकपटांच्या काळीही थिएटरात पडद्यापाशी पेटी-तबला वाजतच असे. तेव्हा साथ असावी की नसावी, हा वाद नव्हे. किती असावी, हा आहे. चित्रपटाच्या आरंभी, कृष्णाचे काम करणारी फाळक्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी केवळ मुद्रेने एकेक भाव दाखविते. आमच्या पेटीवाल्यांनी प्रत्येक भावास निराळा राग जोडला. परिणाम असा की, भाव चेहऱ्यावर उमटतो न उमटतो तोच सूर तो सांगून मोकळे होत, आणि मुलीकडे पाहण्याचे कारणच उरेना. उलट डोहातील झुंजीच्या वेळी केवळ तबला वाजला (पेटीवाले चहा घेत होते!) आणि ती झुंज अंगावर आली.

‘शिराझ’ (१९२८) या मूकपटास अनुष्का शंकर यांनी २०१७ साली नवे संगीत दिले व ते पडद्यासमोर प्रत्यक्ष वाजविले गेले. त्यांचे वडील रविशंकर जन्माने काशीचेच. अशा रचनेत कोठे थांबावयाचे हे आधीच ठरलेले असते. हौशी वादकास ते डोळ्यांनी ठरवावे लागते.

पुढील खेपेस त्या मुखमुद्रांपुरता भाता बंद ठेवण्याचे पेटीवाल्यांनी, जरा फुरंगटूनच, कबूल केले आहे.