'दास' शब्दाआडचा गुलाम

नव्या करारात पौलाने फिलेमोनाला लिहिलेले एक पत्र आहे. अवघ्या 25 वचनांचे. पौलाच्या पत्रांतले हे सर्वांत लहान. फिलेमोन हा मालक, अनेसिम हा त्याचा गुलाम आणि पौल स्वतः कैदेत. पौल अनेसिमाला परत पाठवतो आणि मालकाला विनवतो की, याला आता गुलाम म्हणून नव्हे, प्रिय भाऊ म्हणून स्वीकार. त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या खात्यावर मांड. व्यासपीठावरून हे पत्र बहुधा क्षमेचा धडा म्हणून सांगितले जाते. चुकलेला नोकर, दयाळू धनी आणि मध्यस्थी करणारा प्रेषित अशी ती गोड गोष्ट होते. माझा आक्षेप या गोड गोष्टीला आहे. ज्या समाजात हे पत्र लिहिले गेले त्या समाजाचा इतिहास बाजूला सारल्याशिवाय अशी गोष्ट तयारच होत नाही.

आधी शब्दाकडे पाहू. मूळ ग्रीक शब्द 'डूलोस'. त्याचा सरळ अर्थ गुलाम, विकत घेता येणारा माणूस. मराठी बायबलच्या प्रचलित आवृत्तीत त्यासाठी 'दास' हा शब्द येतो. मराठी कानाला 'दास' म्हटले की रामदास आठवतो, संतांचे दास्य आठवते. देवापुढे आपखुशीने नम्र झालेला भक्त डोळ्यांसमोर येतो. बाजारात उभा केलेला, दात तपासून किंमत ठरवलेला माणूस डोळ्यांसमोर येत नाही. दुसरा शब्द 'किरिओस'. येशूला लावला की तो मराठीत 'प्रभू' होतो आणि गुलामाच्या मालकाला लावला की 'धनी'. ग्रीक ऐकणाऱ्याला दोन्ही ठिकाणी एकच शब्द ऐकू येत होता. कोणाला 'किरिओस' म्हणायचे हा त्याच्यापुढे रोजचा, हाडामांसाचा प्रश्न होता. आपल्या भाषांतरात तो प्रश्नच नाहीसा झाला आहे.

हा गुलाम म्हणजे कोण? व्हॅरो या रोमन लेखकाने शेतीवरील ग्रंथात अवजारांचे तीन प्रकार केले आहेत. गाड्या ही मुकी अवजारे, बैल ही अर्धवट आवाज करणारी आणि गुलाम ही बोलणारी. गुलामाचे लग्न कायदा मानत नसे. गुलाम स्त्रीचे मूल मालकाची मालमत्ता होई. न्यायालयात गुलामाची साक्ष छळ करूनच घेतली जाई. स्पार्टाकसचे बंड इ. स. पू. 71 मध्ये मोडले तेव्हा पकडलेल्या सुमारे 6000 बंडखोरांना कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढवण्यात आले. पौलाच्या पिढीतली गोष्ट सांगायची तर, इ. स. 61 मध्ये रोमचा नगराधिकारी पेडानियस सेकुंडस याचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. जुन्या रिवाजाप्रमाणे त्या घरातल्या सर्व 400 गुलामांना देहान्त शिक्षा झाली. रोमच्या सामान्य लोकांनी रस्त्यावर येऊन विरोध केला. सम्राट नीरोने दुतर्फा सैनिक उभे करून शिक्षा अमलात आणली. या हकिकती रोमन व ग्रीक इतिहासकारांनीच लिहून ठेवल्या आहेत.

ही पार्श्वभूमी हाती आली की फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातले दुसऱ्या अध्यायाचे सातवे-आठवे वचन वेगळेच उभे राहते. ख्रिस्ताने गुलामाचे रूप घेतले आणि तो क्रुसावर मेला, असा त्याचा आशय आहे. क्रूस ही प्रामुख्याने गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. सिसेरोने तिला गुलामीची परमावधीची शिक्षा म्हटले. म्हणजे 'गुलामाचे रूप' आणि 'क्रूस' हे दोन शब्द शेजारी येतात ते नम्रतेचा अलंकार म्हणून नव्हे. ऐकणाऱ्याला त्यातला संबंध सांगावा लागत नव्हता. आपल्याला तो सांगावा लागतो, कारण आपला क्रूस सोन्याचा झाला आहे.

आता पुन्हा अनेसिमाकडे येऊ. या नावाचा अर्थच 'उपयोगी' असा आहे. मालकांनी गुलामांना ठेवलेल्या नावांत हे नाव सर्रास आढळते. पौल त्यावर श्लेष करतो. पूर्वी निरुपयोगी होता, आता तुला आणि मला उपयोगी आहे, असे म्हणतो. अनेसिम पळाला होता असे पत्रात कुठेही स्पष्ट लिहिलेले नाही. तो पळाला, चोरी केली, पस्तावला ही सारी नंतरच्या टीकाकारांची भर आहे. धाकट्या प्लिनीने सॅबिनियानस नावाच्या मित्राला असेच एक पत्र लिहिले आहे, तेही मुक्त झालेल्या एका गुलामासाठी. प्लिनी त्याचे अश्रू आणि पश्चात्ताप वर्णितो आणि राग सोडून दे म्हणून मागणी करतो. पौलाच्या पत्रात पश्चात्ताप नाही, क्षमेची मागणीही नाही. भाऊ म्हणून स्वीकारण्याची मागणी आहे. ही मागणी प्लिनीच्या पुढे जाते. पण 'याला मुक्त कर' हे तीन शब्दांचे वाक्य पौल उच्चारत नाही, हेही तितकेच खरे आहे. सांगतो त्याहून अधिक करशील, एवढे मोघम बोलून तो थांबतो. इतिहास वाचायचा तर दोन्ही बाजू वाचल्या पाहिजेत.

त्या मोघमपणाची किंमत कोणी मोजली? अमेरिकेत 1850 साली पळालेल्या गुलामांना परत धरून देण्याचा कायदा झाला तेव्हा त्याच्या समर्थकांनी याच पत्राचा दाखला दिला. मोझेस स्टुअर्ट हा नामांकित बायबलपंडितही त्यांत होता. त्यांच्या हातातल्या इंग्रजी बायबलमध्ये 1611 पासून 'डूलोस'ला 'नोकर' म्हटलेले होते. पण त्याआधीच, 1833 साली, जॉर्जियात चार्ल्स कॉलकॉक जोन्स हा धर्मोपदेशक गुलामांच्या सभेत या पत्रावर बोलत होता आणि पौलाच्या नावाने पळून जाण्याचा निषेध करत होता, तेव्हा निम्मे श्रोते उठून निघून गेले. हे त्यानेच लिहून ठेवले आहे. हॉवर्ड थर्मन या काळ्या विचारवंताने 1949 च्या आपल्या पुस्तकात आजीची आठवण दिली आहे. गुलामीत वाढलेली ती निरक्षर बाई नातवाकडून बायबल वाचून घेई, पण पौलाची पत्रे सहसा वाचू देत नसे. मालकाचा पाद्री तीच पत्रे वाचून गुलामांना आज्ञाधारकपणा शिकवत असे. माझ्या मते ते उठून जाणे आणि हे न ऐकणे हीदेखील बायबलची समीक्षाच आहे. ज्यांच्या पाठीवर वचनाचा अर्थ उमटतो त्यांना अर्थ सांगण्याचा पहिला अधिकार आहे.

प्राचीन इतिहास धर्मग्रंथाची वकिली करतो असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. उत्तरकालीन रोमन काळातली, गुलामांच्या गळ्यात अडकवलेली धातूची कडी सापडली आहेत. मी पळालो आहे, मला धरा, अमक्याकडे पोचवा, अशा आशयाचा मजकूर त्यांवर कोरलेला आहे. काहींवर ख्रिस्ताचे चिन्ह आहे. एक कडे तर फेलिक्स नावाच्या ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याच्या गुलामाचे आहे. म्हणजे भाऊ म्हणवणाऱ्या चर्चने भावाच्या गळ्यात कडे घातले. पेशवाईत अस्पृश्याच्या गळ्यात मडके होते हे वाचलेल्या माणसाला या कड्याचे वजन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पण हीच पद्धत दुसरीकडे ग्रंथाचे तेजही दाखवते. हम्मुराबीच्या कायद्यात पळालेल्या गुलामाला घरात लपवणाऱ्यास मृत्युदंड आहे. त्या जगात अनुवादाच्या 23 व्या अध्यायातील 15-16 ही वचने सांगतात की, आश्रयाला आलेल्या गुलामाला त्याच्या मालकाच्या हवाली करू नका; तो निवडील तिथे त्याला राहू द्या. शेजारच्या कायद्यांशी ताडून पाहिल्याशिवाय या दोन वचनांतले बंड कळत नाही.

एक इशारा आवश्यक आहे. रोमची गुलामी आणि आपली अस्पृश्यता एक नव्हेत. रोमन नागरिकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम नागरिक होऊ शकत असे. अस्पृश्याला जातीतून मुक्त करणारा कोणताही मालक नव्हता. बाबासाहेबांनी या दोन व्यवस्थांची तुलना करून हा फरक बारकाईने मांडला आहे. साम्य दिसले म्हणून फरक पुसू नये. पण शब्दाच्या बाबतीत जोतीराव आपल्याला वाट दाखवून गेले आहेत. त्यांनी 1873 साली आपल्या ग्रंथाला 'गुलामगिरी' हे नाव दिले आणि तो अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्यांना अर्पण केला. ग्रंथाच्या नावासाठी 'दास्य' हा सोवळा शब्द त्यांनी घेतला नाही. मराठी बायबलच्या अभ्यासकांनी, विशेषतः दलित ख्रिस्ती तरुणांनी, तोच शब्द आता फिलेमोनाच्या पत्रात घालून ते पुन्हा मोठ्याने वाचावे. अनेसिमाने त्या पत्रात एक शब्दही उच्चारलेला नाही. निदान तो कोण होता, एवढे तरी भाषांतराने लपवू नये.