चंद्राची ‘एकच बाजू’ : एका वाक्याची तपासणी

‘चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते,’ हे वाक्य आपण वर्गात शिकलो आणि तसेच शिकवत आलो. ढोबळमानाने ते बरोबर आहे. पण तेथेच थांबलो तर ते चुकीचे ठरते. कोणत्याही एका क्षणी चंद्राचा फार तर निम्मा पृष्ठभाग आपल्यासमोर असतो. मात्र निरनिराळ्या वेळी दिसलेल्या भागांची बेरीज केली तर ती सुमारे ५९ टक्के भरते. हे वरचे ९ टक्के आले कोठून?

आमच्या मते दोष आपल्या आवडत्या प्रात्यक्षिकात आहे. मध्ये खुर्ची ठेवून एक विद्यार्थी तिच्याकडे तोंड करून वर्तुळात फिरतो. चंद्राची स्वतःभोवतीची आणि पृथ्वीभोवतीची फेरी सारख्याच वेळात, म्हणजे २७.३ दिवसांत पूर्ण होते, हे त्यातून छान कळते. तेवढ्यासाठी ते जरूर करावे. पण त्यात कक्षा वर्तुळाकार आणि चाल एकसारखी धरलेली असते. प्रत्यक्षात चंद्र स्वतःभोवती जवळजवळ एकसारख्या गतीने, दिवसाला सुमारे १३.२ अंश फिरतो. कक्षेतली त्याची गती मात्र बदलते. पृथ्वीजवळ असताना तो दिवसाला सुमारे १५ अंश पुढे सरकतो, दूर असताना सुमारे १२. हा मेळ चुकला की पूर्व-पश्चिम कडांपलीकडचा जवळजवळ ८ अंशांपर्यंतचा भाग आळीपाळीने डोकावतो. शिवाय चंद्राचा अक्ष कक्षेच्या लंबाशी सुमारे ६.७ अंश कललेला आहे. त्यामुळे कधी उत्तर, तर कधी दक्षिण ध्रुवापलीकडचे थोडे दिसते. म्हणजे ‘चंद्र डोलतो’ हेही जपूनच म्हणावे. त्याचे खरे हेलकावे अत्यल्प आहेत. बदलते ती मुख्यतः आपली पाहण्याची दिशा.

पडताळा कोठेही घेता येईल. तारापूरजवळच्या घिवलीचे उदाहरण घेऊ. तेथे पश्चिमेला समुद्रच आहे. शुक्ल चतुर्थीची कोर समुद्रावर उतरत असताना साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून तिच्या उजळ कडेजवळचा ‘मारे क्रिझियम’ हा गडद, लंबगोल डाग पाहावा. कडेपासूनचे त्याचे अंतर वहीत रेखाटावे. पौर्णिमेला पुन्हा पाहावे. कार्तिकापासून वैशाखापर्यंत असे केले की डाग कडेकडे सरकतो आणि दूरही जातो, हे ध्यानात येईल. गॅलिलिओलाही १६३०च्या दशकात कडेजवळच्या डागांवरूनच ही गोष्ट उमगली होती.

भरती-ओहोटीच्या निमित्ताने किनाऱ्यावरच्या मुलांचे चंद्राकडे लक्ष असतेच. उद्या त्यांच्यातली एखादी म्हणाली, “सर, डाग सरकला,” आणि ‘पुस्तकात तसे नाही’ म्हणून आपण तिला खाली बसवले, तर नुकसान चंद्राचे होणार नाही. तिच्या पाहण्याचे होईल. म्हणून आमची सूचना एवढीच, की त्या वाक्यात ‘जवळजवळ’ हा शब्द घालावा आणि तो का, हे मुलांनाच शोधू द्यावे.