आभासी उपकरणांची रजिस्टर-रचना : 'व्हर्टायो' मानकाची समीक्षा

प्रास्ताविक :
हैदराबाद संस्थानाच्या काळात आजच्या नांदेड व लातूर परिसराचा राज्यकारभार प्रामुख्याने उर्दूतून चालत असे. त्या काळातील महसुली कागद आज हाती आला तर तो वाचण्यासाठी जाणकार शोधावा लागतो. नोंद टिकली, पण ती वाचण्याचा संकेत विसरला गेला, तर नोंद मुकी होते. ऑपरेटिंग सिस्टीमचे कर्नल आणि आभासी उपकरण यांच्यातील रजिस्टरांनाही हाच न्याय लागू पडतो. रजिस्टर म्हणजे ठरावीक पत्त्यावरील असा रकाना, की ज्याचा अर्थ दोन्ही पक्षांनी आधीच मान्य केलेला असतो.

स्वरूप :
प्रत्यक्ष उपकरणाची हुबेहूब नक्कल करणारे आभासी उपकरण महाग पडते; कारण रजिस्टराच्या प्रत्येक वाचन-लेखनास अतिथी प्रणाली थांबते व नियंत्रण हायपरव्हायझरकडे जाते. रस्टी रसेल यांनी २००८ साली मांडलेल्या 'व्हर्टायो' या संकल्पनेने नकलेचा हा आग्रह सोडला. रजिस्टरे केवळ ओळख, वाटाघाटी व सूचना यांपुरती ठेवावीत आणि प्रत्यक्ष माहिती सामायिक स्मृतीतील रांगांतून न्यावी, हे तिचे मर्म होय.

गुणदोष :
आरंभीच्या रचनेत तीन उणिवा दिसून येतात. रांगांतील नोंदी अतिथी प्रणालीच्या बाइटक्रमात असत; त्यामुळे दोन्ही बाइटक्रम चालणाऱ्या प्रोसेसरवर यजमानास अतिथीचा क्रम ओळखणे कठीण होई. ड्रायव्हरने निवडलेल्या सुविधा नाकारण्याची सोय उपकरणास नव्हती. डिस्कच्या क्षमतेसारखी ६४ बिटांची संख्या दोन टप्प्यांत वाचताना ती मध्येच बदलली, तर अर्धी जुनी व अर्धी नवी संख्या हाती येई. ओअॅसिस या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या १.० आवृत्तीने बाइटक्रम निश्चित केला, सुविधांच्या मान्यतेसाठी स्वतंत्र स्थिती-बिट दिला आणि बदल ओळखण्यासाठी पिढी-क्रमांक आणला. वाचनापूर्वी व वाचनानंतर हा क्रमांक सारखा नसेल, तर ड्रायव्हरने पुन्हा वाचावे, असा नियम आहे.

तथापि स्मृती-पत्त्यांवर आधारित प्रकारात जुनी सवय शिल्लक आहे. प्रत्येक इंटरप्टनंतर एक रजिस्टर वाचावे लागते व दुसऱ्यात पोच लिहावी लागते. म्हणजे ज्या खर्चातून सुटण्यासाठी ही रचना जन्मली, तोच खर्च दोनदा करावा लागतो. शिवाय उपकरण कोठे आहे हे कर्नलला बाहेरून सांगावे लागते. दुसरीकडे, याच साधेपणामुळे अॅमेझॉनच्या 'फायरक्रॅकर'ने २०१८ मध्ये लहान आभासी यंत्रांसाठी हा प्रकार स्वीकारला, हेही नमूद करणे उचित ठरेल. दोष आणि गुण यांचे मूळ येथे एकच आहे.

अध्यापनदृष्ट्या महत्त्व :
उपकरण-व्यवस्थापन हा घटक अनेकदा आकृत्या व व्याख्यांच्या पाठांतरापुरता उरतो. एमआयटीच्या 'एक्सव्ही६' या शैक्षणिक कर्नलमधील डिस्क-ड्रायव्हर मात्र थोड्याच पानांत वाचून होतो. क्यूईएमयू या मुक्त प्रणालीवर तो साध्या संगणकावर चालतो. वेगळे उपकरण विकत घ्यावे लागत नाही. षोडशमान पद्धतीतील १०००१००० या पत्त्यावर ७४७२६९७६ हा अंक सापडला, तरच ड्रायव्हर पुढे जातो. या अंकाचे चार बाइट चढत्या पत्त्यांच्या क्रमाने वाचल्यास 'व्ही, आय, आर, टी' ही अक्षरे मिळतात. नांदेड वा लातूरच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळेतही हा पडताळा एका तासिकेत घेता येण्याजोगा आहे.

निष्कर्ष :
रजिस्टर-रचना हा केवळ तांत्रिक तपशील नसून तो दीर्घकाळ पाळावयाचा करार आहे. एकदा ड्रायव्हर प्रचारात आले की चुकीचा रकाना खोडता येत नाही. त्याच्या शेजारी नवा रकाना आखावा लागतो व जुनाही सांभाळावा लागतो. म्हणून विद्यार्थ्याने रजिस्टरांचे तक्ते पाठ करण्यापेक्षा प्रत्येक रकाना कोणत्या चुकीतून जन्मला, हे विचारावयास शिकणे अधिक मोलाचे होय.