‘माहिती निरंक आहे’ : पोलीस, तक्रार प्राधिकरण आणि न झालेल्या नोंदी

(अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, पोलीस आणि माहिती. पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग म्हणाले, सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, आम्हाला वाटलं गीतेवर वगैरे बोलाल. (हशा) गीतेवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज एका कायद्याची समीक्षा करणार आहे, ग्रंथाची करतात तशी. म्हणजे त्यात काय लिहिलंय ते बघायचं, आणि काय लिहायचं राहून गेलंय तेही बघायचं.

सुरुवात एका अर्जापासून करतो. माझा एक जुना विद्यार्थी. त्याच्या धाकट्या भावाला एका रात्री ठाण्यावर नेलं आणि सकाळी सोडून दिलं. कुठलं ठाणं ते सांगत नाही, आणि ते इथलंच असेल असंही धरून चालू नका. भावाच्या पाठीवर वळ होते. विद्यार्थ्याने माहिती अधिकारात त्या रात्रीच्या स्टेशन डायरीचा उतारा मागितला. उत्तर आलं, सदर दिनांकास सदर इसमाबाबत नोंद आढळून येत नाही. कॅमेऱ्याचं फुटेज मागितलं. उत्तर आलं, तांत्रिक बिघाडामुळे उपलब्ध नाही. दोन्ही कागद घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘सर, नोंद नाही म्हणजे घडलंच नाही का?’

आता हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक ‘अनुपलब्धी’ नावाचं एक स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट नाही हे मला कसं कळतं? तो दिसत नाही यावरून. पण त्यांनी याला एक अट घातली. घट असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती पाहिजे. तिला योग्यानुपलब्धी म्हणतात. काळोख्या खोलीत उभं राहून ‘घट नाही’ म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही. आधी दिवा लावा. नैयायिक अनुपलब्धीला वेगळं प्रमाण मानत नाहीत, त्यावरून त्यांची हुज्जत शतकानुशतकं चालली, पण दिव्याची अट त्यांनाही मान्य आहे.

म्हणजे ‘डायरीत नोंद नाही’ या वाक्याला किंमत कधी? घटना घडली असती तर नोंद झालीच असती, अशी व्यवस्था असेल तेव्हा. आणि इथे दिवा कोणाच्या हातात आहे? ज्याच्या खोलीत घट शोधायचाय त्याच्याच हातात. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

कायद्याकडे येतो. प्रकाश सिंह हे स्वतः पोलीस महासंचालक राहिलेले गृहस्थ. त्यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. निकाल लागला २२ सप्टेंबर २००६ रोजी. दहा वर्षं गेली, तीही एका माजी महासंचालकाची. आपल्यासारख्याचं काय झालं असतं कोण जाणे. न्यायालयाने सात आदेश दिले. बाकीचे बदल्या, नेमणुका, तपास वेगळा करणं वगैरेंचे, ते आज सोडून देऊ. एक आदेश असा की पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारी बघायला राज्यात एक आणि प्रत्येक जिल्ह्यात एक तक्रार प्राधिकरण असावं. जिल्ह्याच्या प्राधिकरणावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश असावेत. चौकशीला त्यांचे स्वतःचे कर्मचारी असावेत, त्यासाठी निवृत्त तपास अधिकारीही घेता येतील, असंही न्यायालयाने सुचवलं. ही शेवटची सूचना किती शहाणपणाची आहे! स्वतःची माणसं नसली की प्राधिकरण काय करणार? अधीक्षकांनाच पत्र लिहिणार, ‘कृपया अहवाल सादर करावा.’

महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली आणि जिल्ह्याच्या जागी महसूल विभाग आणला. जिल्हा प्राधिकरणाचं विभागीय प्राधिकरण झालं. एका शब्दाचा फरक. पण इथे अमडापुरात बसून त्याचा अर्थ बघा. बुलढाणा जिल्हा अमरावती विभागात. अकोला, वाशीम, यवतमाळ, अमरावती आणि आपण, अशा पाच जिल्ह्यांना मिळून एक. पाठीवर वळ असलेल्या मजुराने खामगाव, अकोला करत अमरावती गाठायची, तीही प्रत्येक तारखेला. कायदा करणाऱ्यांनी एकदा एस.टी.ने हा प्रवास करून बघायला हवा होता.

तरी हा कायदा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. त्यातली यादी चांगली आहे. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, रीत न पाळता केलेली अटक, खंडणी, जमीन बळकावणं, हे सगळं त्यात आहे. प्राधिकरणाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. साक्षीदाराला बोलावता येतं, कागद मागवता येतात. तक्रारीची वाट न बघता स्वतःहून दखलही घेता येते.

आता स्वतःहून म्हणजे कसं, ते सांगा. प्राधिकरणाला कळणार कुठून? वर्तमानपत्रातून. म्हणजे ज्याची बातमी होते त्याचीच दखल. आणि कागद मागवता येतात म्हणजे कोणते? ज्यांचं अस्तित्व आधीच ठाऊक आहे ते. विचारण्याचा अधिकार दिला, पण काय विचारायचं हे कळण्याची सोय केली नाही. ‘अमुक प्रकारची घटना घडली की पोलीस प्रमुखाने ती अमुक तासांत प्राधिकरणाला कळवावी’ असं वाक्य मी त्या दुरुस्तीत शोधलं. दिवा लावून, चष्मा पुसून, तीनदा वाचलं. मला सापडलं नाही.

असं वाक्य लिहिताच येत नाही असंही नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १९९३ च्या ऑक्टोबरात स्थापन झाला आणि १४ डिसेंबरला, म्हणजे दोनच महिन्यांत, आयोगाने पत्र काढलं. कोठडीत मृत्यू किंवा बलात्कार झाला तर जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी २४ तासांत आयोगाला कळवायचं. पुढे आणखी एक गोष्ट लिहिली, ती मला फार मोलाची वाटते. वेळेत कळवलं नाही, तर घटना दडपण्याचा प्रयत्न झाला असं गृहीत धरलं जाईल. हे पत्र लिहिणाऱ्याने मीमांसा वाचली होती की नाही मला ठाऊक नाही, पण त्याने नेमका दिवा लावला. आता न कळवणं हीच एक माहिती झाली. देशात कोठडीत किती माणसं मेली याचा वर्षाचा आकडा आयोग सांगू शकतो, तो या पत्रामुळे. आकडा पूर्ण आहे असा माझा दावा नाही. पण आकडा आहे. कोठडीत किती जणांना मार बसला, याचा असा आकडा कोण देईल?

मृत्यूच्या बाबतीत आणखी एक दिवा आहे. कोठडीत माणूस गेला की न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची, हे फौजदारी प्रक्रिया संहितेत आलं आणि आता नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. परभणीचं उदाहरण ताजं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे कायद्याचा एक विद्यार्थी कोठडीत मरण पावला. सुरुवातीला काय सांगितलं गेलं आणि शवविच्छेदनात काय निघालं, ते तुम्ही वाचलेलं आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांचा अहवाल मानवी हक्क आयोगाकडे गेला. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. हे सगळं शक्य झालं, कारण एक साखळी आपोआप चालू झाली. पण ती चालू व्हायला माणूस मरावा लागला. माझ्या विद्यार्थ्याचा भाऊ जिवंत घरी आला, म्हणून त्याच्यासाठी काहीच चालू झालं नाही.

कॅमेऱ्यांचं बघा. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंह सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले. लॉकअप, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, मागची बाजू, सगळीकडे, आणि आवाजासकट. फुटेज १८ महिने ठेवायचं; तशी यंत्रणा मिळालीच नाही तरी १ वर्षापेक्षा कमी नाही. हे पुष्कळांना माहीत असतं. त्याच आदेशातली दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. कॅमेरा बंद पडला तर ठाणेदाराने ते जिल्हा देखरेख समितीला लगेच कळवायचं, आणि बंद असलेल्या काळात ठाण्यात कोणाला अटक केली, कोणाची चौकशी केली, त्याची माहिती पाठवायची. म्हणजे ‘तांत्रिक बिघाड’ हे उत्तर एकटं येऊच शकत नाही. त्याच्याबरोबर एक यादी असलीच पाहिजे. माझ्या विद्यार्थ्याला मी म्हटलं, आता ती यादी माग.

पण ही समिती कोणाची? विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर किंवा जिल्हा परिषदेचा प्रमुख. अधीक्षक स्वतःच सभासद, आणि लोकांचा म्हणावा असा एकच. बरं, ती यादी या समितीकडे आणि तक्रार मात्र प्राधिकरणाकडे. समितीकडे आलेला कागद प्राधिकरणाकडे आपणहून जावा, असा पूलच बांधलेला नाही.

आता पोलिसांची बाजू. ती खोटी नाही, मी ती पुष्कळ ऐकली आहे. एक अधिकारी मला म्हणाले, ‘सर, आमच्या वहीत खबऱ्याची नावं असतात. वही बाहेर गेली तर माणूस मरेल.’ खरं आहे. खबर कुठून मिळाली हे सांगायला पोलिसाला भाग पाडता येत नाही, हे पुरावा कायद्यात होतं आणि नव्या साक्ष अधिनियमातही आहे. चालू तपासाला बाधा येईल अशी माहिती नाकारता येते, हे माहिती अधिकारातही आहे. पण त्याच कायद्यात असंही आहे की झाकण्यासारखा भाग वेगळा काढून बाकीचं द्यायचं. एका ओळीसाठी शाई लावा की! आपण करतो काय, तर एका ओळीसाठी अख्खी वही कपाटात. शिवाय प्राधिकरण म्हणजे चौकातला पानठेला नव्हे. तिथे निवृत्त न्यायाधीश बसतो. आयुष्यभर सीलबंद लिफाफे उघडलेल्या माणसाला वही दाखवणं म्हणजे ती गावात वाटणं होत नाही. खोट्या तक्रारी हत्यार म्हणून केल्या जातात, हेही ते म्हणाले. जातात. पण चांगल्या पोलिसाला खोट्या तक्रारीतून वाचवणारी गोष्ट कोणती? वेळेवर झालेली नोंद आणि चालू असलेला कॅमेरा.

मग कायद्यात कर्तव्य लिहिलं की काम झालं का? नाही. जिथे ते लिहिलेलं आहे, तिथलं बघू. उत्तर आयर्लंडमध्ये पोलिसांवरच्या तक्रारींसाठी लोकपाल आहे, आणि पोलीस प्रमुखाने त्याला लागेल ती माहिती व कागद द्यायचे, असं २००० सालच्या तिथल्या कायद्यात स्पष्ट आहे. १९९२ साली बेलफास्टमध्ये एका पैजेच्या दुकानात पाच जणांना गोळ्या घालून मारलं होतं. लोकपाल त्या प्रकरणाची चौकशी करत होते. २०१९ च्या फेब्रुवारीत उघड झालं की पोलिसांकडची महत्त्वाची माहिती त्यांना दिलीच गेली नव्हती. उघड कसं झालं? मृतांच्या नातेवाइकांच्या दिवाणी दाव्यात पोलिसांनी कागद हजर केले, त्यातून. पोलीस म्हणाले, मानवी चूक झाली, आणि माफी मागितली. हेतू होता की गोंधळ, त्यात मी जात नाही. मला दिसतं ते एवढंच की लोकपालाला कागद मिळत होते, पण कोणकोणते कागद आहेत याची सूची त्याच्या हातात नव्हती. शोधणारा आणि देणारा एकच होता.

म्हणून माझी मागणी कागदांच्या आधी सूचीची आहे. ठाण्यात कोणत्या वह्या आहेत, त्या महिन्यात लॉकअपमध्ये किती माणसं आली, कॅमेरे किती तास बंद होते, किती जणांना वैद्यकीय तपासणीला नेलं, हे दर महिन्याला अधीक्षकांच्या सहीने प्राधिकरणाकडे गेलं पाहिजे. आणि काही घडलं नसेल तर निरंक अहवाल. सरकारी कार्यालयात ‘माहिती निरंक आहे’ हा शब्द तुम्ही ऐकलाय. आज त्या शब्दाला काही वजन नाही, कारण तो कोणी म्हटला हे पुढे कोणी विचारत नाही. त्याखाली नाव आणि सही येऊ द्या. पुढे तो निरंक खोटा निघाला, तर मारहाण सिद्ध होवो न होवो, ती सही हीच स्वतंत्र कसूर धरा. याला नवी इमारत लागत नाही की मोठा खर्च लागत नाही.

विद्यार्थ्याचं काय झालं, असं मघाशी चहाच्या वेळी कोणी विचारलं. त्याने यादी मागितली आहे. उत्तर आलेलं नाही.

(यानंतर प्रश्नोत्तरे झाली. त्यातील एक.)

प्रश्न : सर, हे अमरावती-मुंबईचं झालं. उद्या आमच्यातल्या कोणाला नेलं तर आम्ही त्या रात्री काय करायचं?

उत्तर : बरं विचारलंत. नोंद त्या ठाण्याच्या बाहेर कुठेतरी होईल, असं बघा. ११२ ला फोन करा, वेळ आणि जागा सांगा. त्या फोनची नोंद ठाण्याच्या डायरीत नसते, नियंत्रण कक्षात असते. अटक असेल तर अटकेचा पंचनामा आणि त्यावर साक्षीदाराची सही मागा. अटक केलेल्यांची नावं प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावायची, असं नागरिक सुरक्षा संहितेत आहे. तो फलक बघा आणि नाव नसेल तर तेही वेळेसकट लिहून ठेवा. माणूस सुटला की घरी नेण्याआधी सरकारी दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना जखमा लिहायला सांगा. आणि दुसऱ्याच दिवशी फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज द्या. नुसता ठाण्यात देऊ नका. एक अधीक्षकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, कारण ते त्या समितीचे सभासद आहेत. एक प्रत स्पीड पोस्टाने प्राधिकरणाला. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. खिडकीवरचा माणूस म्हणेल, ‘ठेवा, टाकतो नंतर.’ तिथेच उभे राहा.

हां, मागून त्या ताईंनी हात वर केला होता. बोला.