‘युलिसिस’मधील वृत्तपत्र कचेरी आणि राजकीय हत्येची बातमी

प्रस्तावना

जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’ (१९२२) या कादंबरीचे कथानक १६ जून १९०४ या दिवशी डब्लिन शहरात घडते. त्या दिवशी तेथे कोणतीही राजकीय हत्या होत नाही. तरीही बावीस वर्षांपूर्वीचे एक हत्याकांड कादंबरीत पुनःपुन्हा डोकावते. ६ मे १८८२ रोजी ‘इन्व्हिन्सिबल्स’ या गुप्त संघटनेच्या सदस्यांनी फिनिक्स पार्कमध्ये आयर्लंडचे मुख्य सचिव लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश आणि अवर सचिव थॉमस हेन्री बर्क यांना सुऱ्यांनी भोसकून ठार केले. कादंबरीत या घटनेची सविस्तर चर्चा होते ती वृत्तपत्राच्या कचेरीत. हिंसेची बातमी होताना नेमके काय गळून पडते, या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जाहिरातीचा नकाशा

‘इओलस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सातव्या प्रकरणात संपादक मायल्स क्रॉफर्ड तरुण स्टीफन डेडलसला इग्नेशियस गॅलहर या पत्रकाराची कर्तबगारी ऐकवतो. न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ला हत्येचा तपशील तारेने कळवताना गॅलहरने ‘वीकली फ्रीमन’च्या १७ मार्चच्या अंकातील कॉफीच्या एका जाहिरातीचा आधार घेतला. जाहिरातीतील अक्षरे म्हणजे मारेकऱ्यांच्या वाटेवरील ठिकाणे, असा संकेत योजून त्याने संपूर्ण मार्ग समुद्रापार पोहोचवला.

क्रॉफर्डला कौतुक आहे ते या युक्तीचे. मारेकऱ्यांची आणि गाडीवानाची नावे त्याच्या ओठांवर आहेत. मृतांविषयी हळहळ मात्र नाही. शिवाय तो हत्येचे साल १८८१ असे सांगतो. ही चूक लेखकाची की पात्राची, याविषयी मतभेद संभवतात. तथापि अचूक वृत्ताच्या या गौरवकथेत सालच चुकावे, यातील उपरोध दुर्लक्षिण्याजोगा नाही.

त्याच कचेरीत लिओपोल्ड ब्लूम कीज नावाच्या व्यापाऱ्याच्या जाहिरातीसाठी खेटे घालत असतो. जाहिरातीतील दोन किल्ल्यांच्या चिन्हात आइल ऑफ मॅनच्या विधिमंडळाची, पर्यायाने स्वराज्याची सूचना दडलेली आहे. एका जाहिरातीत स्वराज्य, तर दुसरीत हत्या. राजकारण येथे बाजाराच्या भाषेत शिरते आणि विक्रीयोग्य होते.

मथळे आणि कथन

१९१८ साली ‘लिटल रिव्ह्यू’ नियतकालिकात हे प्रकरण प्रथम प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात मथळे नव्हते. पुस्तकाची मुद्रिते तपासताना, १९२१ मध्ये, जॉइस यांनी साठहून अधिक मथळे घातले. हे मथळे मजकुराचा सारांश देत नाहीत. कित्येकदा त्याची थट्टा करतात. वृत्तपत्राचे रूप उसने घेऊन त्या रूपाच्या अधिकारावरच शंका घेण्याची ही रीत आहे.

या शंकेला इतिहासाचा आधार होता. लंडनच्या ‘टाइम्स’ने १८८७ मध्ये आयरिश नेते पार्नेल यांना फिनिक्स पार्कच्या हत्यांशी जोडणारे एक पत्र छापले. ते रिचर्ड पिगॉट या पत्रकाराने रचलेले बनावट पत्र होते, हे १८८९ मध्ये उघडकीस आले. म्हणजे वृत्तपत्र केवळ हिंसेची वार्ता देत नव्हते. नेत्याचे सार्वजनिक जीवन संपवू शकेल असे शस्त्रही तेच होते. हे शस्त्र स्वतःही सुरक्षित नव्हते. कादंबरीत येणारी ‘फ्रीमन्स जर्नल’ची कचेरी १९१६ च्या उठावात जळाली. कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, मार्च १९२२ मध्ये, कराराच्या विरोधकांनी त्याच पत्राची छपाईयंत्रे फोडली.

समारोप

सोळाव्या प्रकरणात गाडीवानांच्या चहागृहाचा चालक हाच हत्याकांडातील तो गाडीवान असल्याची वदंता आहे. खात्री कोणालाच नाही. तेथेच ब्लूम सायंदैनिकात अंत्ययात्रेचे वृत्त वाचतो. त्याचे स्वतःचे नाव एका अक्षराने चुकले आहे आणि हजर नसलेल्या स्टीफनचे नाव यादीत आहे. साध्या अंत्ययात्रेची ही गत, तर हत्येच्या वृत्ताचा भरवसा किती धरावा, हा प्रश्न जॉइस वाचकावर सोपवतात. मारल्या गेलेल्यांना वाचा ही कादंबरीही देत नाही, ही तिची मर्यादा मान्य करावी लागेल. मात्र ती उणीव ती चतुराईने झाकत नाही. गॅलहर आणि जॉइस यांच्या लेखनातील मूलभूत भेद येथे आहे, असे म्हणता येईल.