मार्शलसी आणि मराठी कादंबरी : कर्ज, कैद आणि अन्याय

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी सामाजिक कादंबरीत तुरुंग वारंवार येतो. परंतु चार्ल्स डिकन्सच्या 'लिटल डॉरिट' (१८५५-५७) या कादंबरीत तो कथानकाचा गाभाच आहे. या तुरुंगातील कैदी गुन्हेगार नाहीत, ते कर्जदार आहेत. कर्ज आणि कैद यांचे हे नाते मराठी सामाजिक कादंबरीत का आले नाही, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

फेब्रुवारी १८२४ मध्ये डिकन्सचे वडील एका पाववाल्याच्या ४० पौंड १० शिलिंगांच्या देण्यापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात गेले. बारा वर्षांचा चार्ल्स त्या वेळी बूटपॉलिशच्या कारखान्यात राबत होता. ज्याने कमावून कर्ज फेडायचे त्यालाच कोंडून ठेवणाऱ्या कायद्यातील विसंगती त्याने घरातच पाहिली. मात्र कादंबरीचे खरे सामर्थ्य कायद्यावरील टीकेत नाही, ते विल्यम डॉरिटच्या व्यक्तिरेखेत आहे. वीसहून अधिक वर्षे कैदेत काढलेला हा गृहस्थ आपल्या ज्येष्ठतेचा अभिमान बाळगतो, 'मार्शलसीचा पिता' म्हणून मिरवतो आणि भेटीस येणाऱ्यांकडून पैसे स्वीकारताना ती भीक नसून मानाची भेट आहे असे मानतो. त्याची मुलगी एमी तुरुंगातच जन्मलेली. ती शिवणकाम करून त्याला पोसते आणि त्याचा हा भ्रमही जपते. पुढे वारसाहक्काने संपत्ती मिळून तो सुटतो. पण रोममधील एका मेजवानीत त्याचे भान सुटते आणि तो श्रीमंत पाहुण्यांचे मार्शलसीत स्वागत करू लागतो. अन्यायाचा खोल परिणाम यापेक्षा नेमकेपणाने क्वचितच दाखविला गेला असेल. अकस्मात मिळालेल्या वारशाची युक्ती मात्र दुबळी वाटते. त्या वारशाने एक कैदी सुटतो, कायदा तसाच राहतो. (मार्शलसी १८४२ मध्येच बंद झाले होते, इंग्लंडमधील कर्जाची कैद बहुतांशी संपली ती १८६९ च्या कायद्याने.)

ही कादंबरी पूर्ण झाली त्याच वर्षी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाली. मराठी सामाजिक कादंबरीला आपला तुरुंग सापडला तो घरात. १८९० पासून 'करमणूक'मधून क्रमशः आलेल्या हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'मधील यमूचे सक्तीचे केशवपन ही त्या कैदेतील सर्वांत क्रूर शिक्षा होय. विधवेची ही कैद लेखकांच्या स्वतःच्या वर्गातील होती. शेतकऱ्याची नव्हती. वास्तविक १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने त्यांना कर्जापायी होणाऱ्या कैदेतून वगळले. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हाच अन्याय मांडला. पण ती कादंबरी नव्हे. डिकन्स कर्जदाराचा मुलगा होता. तसा लेखक मराठी कादंबरीला त्या काळी लाभला नाही.

परंतु लेखकांच्या वर्गाकडे बोट दाखवून प्रश्न पुरता सुटत नाही. १८७९ चा कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या रेसिडेंटच्या कारभाराखाली होता. मग वऱ्हाडात तरी मार्शलसी का दिसत नाही? १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कर्जदाराच्या कैदेची तरतूद आजही आहे. मात्र कैद्याच्या निर्वाहाचा खर्च धनकोने भरायचा असतो. कर्जदाराला तुरुंगात बसवून पोसण्यापेक्षा शेतावर राबवून घेणे केव्हाही स्वस्त. उचल घेतलेला सालदार ती फिटेपर्यंत त्याच वाड्याशी बांधलेला राही. वेठबिगारीविरुद्धचा देशव्यापी कायदा आला तो १९७६ मध्ये. धारणीसारख्या ठिकाणी 'लिटल डॉरिट' वाचताना दारावरचा पहारेकरी परका वाटतो, विल्यम डॉरिटची लाचारी मात्र ओळखीची वाटते. आणि डिकन्सच्या कैद्याला जे होते ते सालदाराला नव्हते : ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असा तुरुंगाचा दरवाजा.